पिसलेलं आकाश

"पेढा द्या, पण कशाचा ते सांगू नका. मॅडमनी अजून लिहिलेलं नाही."

फिजिक्सच्या लॅबबाहेरच्या बाकावर बसले असताना मी हे ऐकलं. बोलणारे शिंदे मामा, आमचे लॅब अटेंडंट. समोर मागच्या वर्षी पास होऊन गेलेला एक मुलगा पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा होता, आणि आता आत जावं की नाही अशा चेहऱ्याने मामांकडे बघत होता. मामांनीच त्याला आत ढकललं. दार उघडं होतं. मॅडमनी पेढा घेतला, त्या मुलाकडे नीट बघितलं, टेबलावरचा कागदाचा एक कपटा ओढून त्यावर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि मग पेढा खाल्ला.

"हं. आता सांग."

"मॅडम, लग्न ठरलं."

मॅडमनी चिठ्ठी उघडून त्याच्यासमोर धरली. "मी नोकरी लिहिलेली. चेहरा तर नोकरीचा होता तुझा." मग मोठ्याने हसल्या, मुलीचं नाव-गाव विचारलं, आणि चिठ्ठी खिडकीतल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. डब्यावर मार्करने लिहिलं होतं, 'चुकलेलं'.

बरोबर निघालेल्या चिठ्ठ्यांना डबा नव्हता. त्या सरळ केराच्या टोपलीत जायच्या. "बरोबर आलेल्याचं काय करायचं? त्यातून काही शिकायला मिळत नाही," असं त्यांचं म्हणणं. तो डबा आता माझ्याकडे असतो.

मी त्या बाकावर बसले होते, कारण एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला मॅडमकडे पाठवलं होतं आणि आत जायला मला चाळीस मिनिटं लागत होती. ठाण्यातल्या इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढून मी एक गोष्ट पक्की शिकले होते: उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. शेवटी मामाच म्हणाले, "जा की आता, त्या चावत नाहीत." मी आत गेले आणि पाठ केलेली दोन वाक्यं इंग्रजीत म्हटली.

"तू ती," मॅडम म्हणाल्या, "वहीत उत्तर लिहून त्यावर हात ठेवणारी."

मी हातातली वही पाठीमागे नेली.

"मराठीत बोलत जा माझ्याशी. इंग्रजीत तू फार व्यवस्थित गायब होतेस."

मॅडम आंबिवलीला राहायच्या. वडील तिथल्याच एका कंपनीत कामगार होते. मॅडम थोरल्या, पाठची चार भावंडं. एमएस्सीला पहिल्या आल्या होत्या, पण संशोधनाला पाठवणारं घरात कोणी नव्हतं, म्हणून चोविसाव्या वर्षी कॉलेजात शिकवायला लागल्या आणि शिकवतच राहिल्या. रविवारी सकाळी विहारात वस्तीतल्या मुलांचं गणित घ्यायच्या. तिथेही हाच प्रकार. मुलांनी आधी अंदाज लिहायचा, मग गणित सोडवायचं. लायब्ररीतून रहस्यकथा आणल्या की शेवटचं प्रकरण स्टेपलरने बंद करून टाकायच्या, खुनी कोण ते पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायच्या आणि मगच पिना काढायच्या. आमच्या लायब्ररीत शेवटच्या पानांना भोकं असलेली निदान साठ पुस्तकं आहेत. लायब्रेरियन बाईंनी एकदा लेखी तक्रार केली होती. मॅडमनी लेखी उत्तर दिलं की भोकं माझीच आहेत, अंदाजही माझेच आहेत, आणि अर्ध्याहून जास्त चुकले आहेत याची नोंद घ्यावी.

आमचा विषय होता वैश्विक किरण येतात कुठून. अवकाशातून पृथ्वीवर सतत प्रचंड ऊर्जेचे कण आदळत असतात, बहुतेक प्रोटॉन. त्यांचा शोध लागून शंभराहून जास्त वर्षं झाली, पण त्यातले सगळ्यात जोरदार कण नेमके कुठे तयार होतात, ते अजून नीट कळलेलं नाही.

"राहतेस कुठे?" मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"माजिवड्याला."

"खिडकीतून जंक्शन दिसतं? बरं. तुमच्या गेटवर गाडी आली. ती नाशिकहून आली, घोडबंदरहून आली की मुंबईहून, हे तिचं तोंड कुठे आहे ते बघून सांग."

"नाही सांगता येणार. पुलावरून, पुलाखालून, कुठूनही वळून येतात."

"तसा प्रोटॉन. त्याच्यावर भार असतो, वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला वळवत आणतात. आता समज, एक माणूस आहे. तो सरळ रेषेतच चालतो. पूल, बिल्डिंग, येऊरचा डोंगर, सगळ्यातून आरपार. तो तुमच्या गेटवर आला तर?"

"तो ज्या रेषेत आला त्या रेषेत मागे बघायचं."

"तो न्यूट्रिनो. जिथे प्रोटॉनना तो वेग मिळतो, तिथेच ते कशावर तरी आदळले की न्यूट्रिनो तयार होतात. त्यांच्यावर भार नाही, म्हणून वळत नाहीत. ते कुठून आले हे कळलं की प्रोटॉनचं घर सापडलं. एकच अडचण, हा माणूस दिसत नाही."

"मग गेटवर आला हे वॉचमनला कळणार कसं?" हे प्राचीने विचारलं. प्राची माझी प्रोजेक्टमधली जोडीदार. डोंबिवलीजवळच्या गावातली, आगरी घरची. तिचे आजोबा मिठागरात काम करायचे. आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभा आहे आणि त्याला एक परदेशी तळ्याचं नाव आहे. प्राचीला प्रश्न पडला की तो तोंडातून बाहेर पडायचाच, मध्ये कुठे थांबायचा नाही.

मॅडमनी दक्षिण ध्रुवाचं चित्र दाखवलं. तिथे स्वच्छ बर्फात दीड-दोन किलोमीटर खोलवर हजारो प्रकाशमापक सोडून ठेवले आहेत. कोट्यवधी न्यूट्रिनो बर्फातून नुसते निघून जातात. एखादा कधीतरी आदळतो, निळसर उजेडाची रेघ उमटते, आणि त्या रेघेवरून तो कुठून आला ते काढता येतं. ज्यांनी हा डिटेक्टर उभारला त्यांनी काही वर्षांचा डेटा सगळ्यांसाठी वेबसाइटवर ठेवला आहे. ठाण्यातल्या आमच्यासारख्या कॉलेजनेही तो उतरवून घ्यावा आणि बघावं. आम्ही बारा आकाशगंगांची यादी केली होती, पोटात मोठं कृष्णविवर असलेल्या. त्यांच्यापैकी कुठल्या दिशेने अपेक्षेपेक्षा जास्त न्यूट्रिनो येतात का, एवढाच प्रश्न होता.

पण खरा डेटा बघायचा नाही, हा पहिला नियम. मॅडमनी खरी फाईल पेनड्राइव्हवर टाकली, पेनड्राइव्ह 'चुकलेलं'च्या डब्यात ठेवला, डब्याला चारी बाजूंनी टेप लावला आणि टेपवर आडवी सही केली. त्या महिन्यापासून चुकलेल्या चिठ्ठ्या टेबलाच्या खणात जायला लागल्या. आम्हाला दिली ती पिसलेली फाईल. प्रत्येक न्यूट्रिनो कधी आला त्या वेळा पत्त्यांसारख्या पिसून टाकलेल्या. पृथ्वी फिरते, त्यामुळे वेळ बदलली की आकाशातली जागा बदलते. म्हणजे आमच्याकडे आकाश होतं, पण खोटं. सगळी पद्धत, सगळे नियम या खोट्या आकाशावर ठरवायचे. मग एका दिवशी सगळ्यांसमोर टेप कापायचा, खरी फाईल एकदाच चालवायची, आणि जे येईल ते छापायचं.

"मॅडम, हे तर नेटवर पडलंय," प्राची म्हणाली. "कोणी पण बघेल. लपवायचं काय त्यात?"

"जगाला बघू दे. आपण नाही बघायचं. तू नवरात्रीत टेंभी नाक्याला जातेस ना? त्या गर्दीत हजार चेहरे बघितलेस तर एक तरी तुझ्या मावशीसारखा दिसणारच. मग तू म्हणणार, मी मावशीलाच शोधत होते. म्हणून कोणाला शोधायला चाललीस ते घरातून निघतानाच सांगायचं."

"आणि चुकून बघितलं तर?"

"तर हे काम तिथेच संपलं. नवीन वर्षांचा डेटा बाहेर येईपर्यंत थांबायचं. मला ते जमणार नाही, मेमध्ये माझी निवृत्ती आहे. तुम्ही थांबा."

हे त्या हसत म्हणाल्या. पण इतकी वर्षं दुसऱ्यांचे शोध फळ्यावर लिहून दाखवलेल्या बाईंचं, स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच काम होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मॅडमच्या टेबलावर पेपरवेटखाली एक बंद पाकीट चार दिवस पडून होतं. वर पॅथॉलॉजीचा शिक्का. मामा मला हळूच म्हणाले, "रिपोर्ट आहे. गाठीचा. उघडत नाहीयेत." मी जर्नल्स ठेवायला गेले तेव्हा शेजारचा कागद दिसला. मधोमध रेघ मारलेली. डावीकडे 'साधी असेल तर', उजवीकडे 'साधी नसेल तर'. दोन्हीकडे पहिली ओळ एकच होती: 'सोमवारचं टीवायचं लेक्चर घेणे'. उजवीकडे त्याखाली होतं, 'धाकटीला मीच सांगणे, फोनवर नाही'.

शुक्रवारी त्यांनी पाकीट उघडलं, वाचलं, पर्समध्ये ठेवलं आणि मामांना चहा सांगितला. सोमवारी टीवायचं लेक्चर झालं. लेक्चरनंतर आम्हा दोघींना बोलावून म्हणाल्या, "गाठ साधी नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. तोवर यादी फायनल करून ठेवा."

दोन महिन्यांनी परत आल्या त्या डोक्याला सुती स्कार्फ बांधून. मला त्यांच्याकडे बघवेना. प्राची सरळ म्हणाली, "मॅडम, स्कार्फ भारी दिसतो तुम्हाला." मॅडमनी खणातून चिठ्ठी काढून दाखवली. लिहिलं होतं, 'प्राची: स्कार्फ भारी'. ती केराच्या टोपलीत गेली.

त्या दिवशी मी धीर करून विचारलं, "चार दिवस पाकीट कसं ठेवलंत?"

"उघडल्यावर माणूस स्वतःशी घासाघीस करायला लागतो," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते पाकीट बंद असतानाच ठरवलेलं बरं."

मार्चमध्ये एका गुरुवारी दुपारी माझ्या हातून ती गोष्ट झाली. रिपोर्टच्या तक्त्यात मूळ डेटात एकूण किती नोंदी आहेत तो आकडा हवा होता. पेनड्राइव्ह डब्यात बंद, म्हणून मी वेबसाइटवरून मूळ फाईल लॅपटॉपवर उतरवून घेतली, फक्त ओळी मोजल्या, आकडा लिहून घेतला. फाईल तिथेच राहिली, त्याच फोल्डरमध्ये. मग नेहमीसारखा आमचा प्रोग्राम चालवला. तो फोल्डरमधली सगळ्यात नवीन फाईल उचलतो. तो आम्हीच तसा लिहिला होता, दर वेळी नाव टाइप करायचा कंटाळा म्हणून.

पिसलेल्या आकाशाच्या प्रत्येक चित्रावर प्राचीने 'पिसलेलं' असा लाल शिक्का टाकायची सोय केली होती. फाँट जमला नव्हता, त्यामुळे तिथे शब्दाऐवजी नुसते रिकामे लाल चौकोन यायचे. चित्र उघडलं आणि मला आधी कळलंच नाही काय वेगळं आहे ते. चौकोन नव्हते. म्हणजे हे खरं आकाश होतं.

तेवढ्या वेळात माझे डोळे चित्रावरून फिरून आले होते. गडद डाग कुठेतरी असतोच, पिसलेल्या आकाशातही असतो. पण हा आमच्या यादीतल्या तिसऱ्या आकाशगंगेला चिकटून होता. लहान, नेटका, जवळजवळ तिच्यावरच.

मी लॅपटॉप इतक्या जोरात बंद केला की मामांनी वळून बघितलं. "काय गं, करंट बसला?"

"नाही मामा."

फाईल डिलीट केली. रिसायकल बिनमधूनही काढली. सोमवारी सांगायचं ठरवलं.

सोमवारी मीटिंगमध्ये विषय निघाला चाळणीचा. कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि कोणत्या गाळायच्या, त्या नियमाला मॅडम चाळणी म्हणायच्या. काही न्यूट्रिनोंची दिशा नेमकी कळते, काहींची अंदाजे. दिशेत एक अंशापर्यंत चूक असलेल्याच घ्यायच्या की दोन अंशांपर्यंतच्या, हा प्रश्न उरला होता. प्राची म्हणाली दोन, जास्त नोंदी मिळतील. आणि मी बोलायला लागले. एकच अंश हवा, मी म्हटलं. यादीतल्या काही आकाशगंगा एकमेकींजवळ आहेत, ढिसाळ नोंदी घेतल्या तर एका आकाशगंगेचे न्यूट्रिनो शेजारणीच्या खात्यावर जातील. फळ्यापाशी गेले, आकृती काढली. पाच मिनिटं बोलले असेन. सगळं बरोबर होतं, कोणत्याही पुस्तकात सापडेल असं.

"अगो बाय!" प्राची टाळ्या वाजवत म्हणाली. "मामा, या या, ही बोलली!"

मॅडमनी वही पुढे ओढली. मग त्यांनी वहीत लिहिलं, 'चाळणी: एक अंश', आणि पुढे 'सुचवणारी' म्हणून माझं नाव. खाली आम्ही तिघींनी सह्या केल्या. मामांना बटाटेवडे आणायला पाठवलं. "वर्षभर वाट बघत होते मी," मॅडम म्हणाल्या. "तू बोलावंस म्हणून."

मी माझा वडा प्राचीच्या कागदावर सरकवला.

डाग लहान होता, नेटका होता. चाळणी जितकी बारीक तितका लहान डाग उठून दिसणार, हे मला माहीत होतं. पण मी त्यासाठी बोलले का? माझी कारणं खरी होती. ती मला गुरुवारच्या आधीही सुचली असती. घरी जाऊन मी जुनी वही काढली, ती हात झाकून लिहायची वही. दोन आठवड्यांपूर्वीचं पान सापडलं. तिथे माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने होतं: 'दोन अंश ठीक?'

त्यानंतर टेप कापायचा दिवस ठरला. एप्रिलमधला शेवटचा शनिवार. निवृत्तीच्या समारंभात आमचा निकाल जाहीर करायचं विभागाने ठरवलं. पीएचडीच्या मुलाखतीसाठी मी या कामाचं शिफारसपत्र पाठवलं होतं, मॅडमनी त्यात लिहिलं होतं की ही मुलगी स्वतःहून निर्णय घेते. मी गप्प राहिले तर कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. डेटा सगळ्या जगासमोर उघडा, चाळणी पुस्तकात बसणारी, सह्या तिघींच्या. आणि माझ्याइतकं गप्प राहणं कुणाला जमतं?

शनिवारी सकाळी मी खिडकीपाशी बसले आणि कागदावर मधोमध रेघ मारली. 'नाही सांगितलं तर' खाली मुलाखत आली, मॅडमचा समारंभ आला, त्यांचं नाव छापून आलेलं आलं. ती बाजू भरली. 'सांगितलं तर' खाली काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. मग दोन्हीकडे सगळ्यात वर थोडी जागा होती, तिथे मी एकच ओळ लिहिली: 'चाळणी मी ठरवली की त्या डागाने, ते मला माहीत नाही.' ती दोन्हीकडे खरी होती. मी कागदाची घडी केली, खाली उतरून रिक्षा केली आणि वाटेत मनातसुद्धा दुसरा विचार करायचा नाही असं ठरवलं.

लॅबमध्ये मामांनी टेबल पुसून ठेवलं होतं. प्राचीने घरून भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती, निकाल काहीही लागो, खायचं म्हणून. मॅडमनी स्कार्फ काढला होता. केस बोटाच्या पेराएवढे आले होते, पांढरे. त्यांनी डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि कटर हातात घेतला.

"आधी चिठ्ठ्या," त्या म्हणाल्या. "सापडेल की नाही, आणि सापडलं तर कितवी आकाशगंगा. मामा, तुम्ही पण."

मामांनी भिंतीला कागद लावून लिहिलं. प्राचीने लिहिलं. मॅडमनी आपली चिठ्ठी हाताच्या आडोशाने लिहिली, अगदी माझ्यासारखी, आणि डब्याशेजारी ठेवली. तीन घड्या एका रांगेत.

"तुझी?"

मी हातातला कोरा कागद टेबलावर ठेवला.

"लिही की गो," प्राची म्हणाली. "चुकलं तर डबा आहेच."

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. कटर टेपच्या कडेवर होता. मामांनी पंखा बंद केला होता, चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून, त्यामुळे माझा आवाज मला पहिल्यांदाच मोठा वाटला.

"मॅडम, टेप कापू नका. खरं आकाश मी आधीच पाहिलंय. मार्चमध्ये एका गुरुवारी दुपारी, याच टेबलावर. आणि त्यानंतरच्या सोमवारी मी तुम्हाला एक अंश सांगितला."